गुंडूतात्यांनी माती घेतली

तात्यांचे दोन्ही डोळे गेलेत हे गावात दोघांनाच ठाऊक हुतं. एक तात्यांना, दुसरं मला. घरात धोंडूकाकूला वाटायचं एकच डोळा अंधुक झालाय.

मला ठाऊक हुतं, कारण डिसेंबरात मीच त्यास्नी गाडीवर बसवून कोल्हापूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलतं. त्यांची लेक निपाणीला दिलेली, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. मी शेजारी. काय बी काम निघालं की तात्या आमच्या दारात येऊन म्हणायचे, "सम्राट, मोकळा हाईस व्हय रं?"

भिंतीवर अक्षरांचा तक्ता हुता. नर्सनं एक डोळा झाकला आणि म्हणाली, "आजोबा, वाचा." तात्यांनी डोळा बारीक केला. मग मला कोपरानं ढोसलं आणि ओठ न हलवता इचारलं, "वरलं कुठलं रं?"

"ग."

"ग!" तात्या वरडले.

"त्याच्या खाली?"

"प आणि न."

"प आणि न!"

नर्स हसाय लागली. "आजोबा, तुमचा डोळा तपासायचा हाय, नातवाचा न्हाई."

"नातू न्हवं ह्यो, शेजारी हाय," तात्या म्हणाले. "पण खरं सांगतोय का न्हाई बघा की."

मोतीबिंदू दोन्हीकडं पिकलेला. बावीस जानेवारीची तारीख दिली. परत येताना गाडीवर मागनं मला म्हणाले, "गावात बोलू नगंस. माझ्या डोळ्यावर लोकांनी रानं सोडल्यात आजपतूर."

ते खरं हुतं. तात्या पस्तीस वर्षं आमच्या पाणी संस्थेचे पाटकरी हुते. नदीवरनं उचललेलं पाणी पाटानं कुणाच्या रानात कधी वळवायचं हे त्यांच्या हातात. मे महिन्यात पाण्यावरनं दुसऱ्या गावांत डोकी फुटली, आमच्यात एक फुटलं न्हाई. खांद्यावर फावडं, गुडघ्यापतूर धोतर खोचलेलं, पायात कधी चप्पल न्हाई. एका साली त्यांच्या स्वतःच्या भुईमुगानं माना टाकलेल्या आणि पाणी चाललेलं दुसऱ्याच्या उसाला. धोंडूकाकू पाटावर जाऊन त्यास्नी सगळ्यांदेखत बोलली, "लोकांची रानं भिजवा आणि घरला येऊन माती खावा." तात्या म्हणाले, "पाळी शुक्रवारी हाय आपली." भुईमूग गेला. पण त्यानंतर गावात कुणी पाळीवरनं तोंड उघडलं न्हाई.

भांडणातल्या माणसाच्या घरात भांडण मिटंस्तवर ते च्या पण प्यायचे न्हाईत. कुणाचं रान कुठं सुरू हुतंय आणि कुठं संपतंय ते पायाला कळायचं त्यास्नी. माणसांची नावं इसरायचे, रानाची न्हाईत.

आमच्या रानाची भानगड दोन हजार एकवीसच्या महापुरापासनं. नदीकडंची सगळी जमीन गाळानं सपाट झाली. आमचा आणि बाळासोचा बांध गेला, बांधावर निम्म्यात करंजाचं जुनं झाड हुतं ते बी बुंध्यापासनं मोडून वाहून गेलं. बाळासो भावकीतलाच, मला थोरला. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला हाय, भट्टीवर. त्याचं रान पडीक. आमचा ऊस. आमच्या रानाला ट्रॉली आत न्यायची म्हणजे बांधाच्या कडंनं, आणि आमच्याकडं तिथं सहाच फूट जागा. ट्रॉलीला धा लागत्यात. चार फूट कमी.

पुराच्या आधी बाळासो त्याच्या अंगानं ट्रॉली जाऊ द्यायचा. पण पूर वसरल्यावर आमच्या आबानं, माझ्या बापानं, त्याच ट्रॉलीच्या चाकोरीत नांगर घातला आणि दोन सऱ्या वाढवल्या. बाळासोनं त्या सऱ्या मोडल्या. तवापासनं बोलणं बंद.

औंदा ऊस पंधरा महिन्यांचा झाल्ता. तुरा आलेला. तोडणारी टोळी दारात येऊन बसलेली. मुकादम म्हणाला, "ट्रॉली आत येणार असली तर कोयता लावतो. मोळ्या डोक्यावरनं रस्त्यापतूर न्यायला माझी माणसं मिळायची न्हाईत. परवा दुसऱ्या गावाला चाललो." सरकारी मोजणीचा अर्ज दिलेला, तारीख एप्रिलात. एप्रिलापतूर उसाचं सरपण झालं असतं. आई म्हणाली, "म्हशीला तरी खाऊ दे आता." आबा अंथरुणावर. कंबरेत गॅप. अंथरुणावरनंच शिव्या द्यायचा, निम्म्या बाळासोला, निम्म्या मला.

मी बाळासोकडं गेलो. रविवार हुता. त्याच्या हाताला भट्टीच्या ठिणग्यांचं डाग. मला दारात बघून म्हणाला, "काय पावणं, वाट चुकला?"

"दादा, एवढा ऊस जाऊ दे."

"बांध ठरू दे. मग तुझा हत्ती जाऊ दे."

"मोजणी एप्रिलात हाय."

"मग गुंडूतात्यांनी माती घ्यावी," बाळासो म्हणाला. "तात्या चालतील तो बांध. मी सही करून देतो."

माती घेणं म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. तात्यांच्या वडिलांनी दोनदा घेतलेली, त्यानंतर कुणी न्हाई. गावानं मानलेल्या माणसानं आंघोळ करून वल्ल्या धोतरानं, उघड्या डोक्यावर त्या रानातलं ढेकूळ घ्यायचं आणि बांधावरनं चालायचं. तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. एका घरचा माणूस त्याच्या मागनं चुन्याची पांढरी फक्की टाकत चालणार, दुसऱ्या घरचा पल्याडच्या टोकाला उभा राहून माती उतरून घेणार. पाय पडंल तिथं बांध. आणि चालणाऱ्यानं त्यानंतर एकवीस दिवस गावाची शीव ओलांडायची न्हाई. तेवढ्यात त्याच्या घरात वंगाळ काय घडलं तर समजायचं खोटं चालला.

मला त्या वेळी एवढंच म्हणायचं हुतं, दादा, तात्यांना दिसत न्हाई. एवढंच. मी म्हणलो, "चालंल."

तात्यांना सांगाय गेलो तर ते अंगणात दोरी वळत बसलेले. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकवीस दिवस म्हंजे डोळ्याची तारीख चुकती."

"मग नगं, तात्या."

"ऊस वाळला तर परत येतोय व्हय? डोळा येतोय की मागनं."

"पण दिसंल का?"

"डोळ्याला न्हाई. पायाला दिसतंय न्हवं?" आणि हसले. धोंडूकाकू चुलीपाशी हुती, तिनं च्या टाकला. तात्या म्हणाले, "त्याला दे. मला सम्राटच्यातला आणि बाळासोच्यातला आता बंद. ह्यो च्या आपल्या घरचा हाय, पण त्याच्यासंगट बसून बी नगं." कप घेऊन मी पायरीवर बसलो, ते सोप्यात.

मंगळवारी सकाळी निम्मा गाव रस्त्याला. रानात पाय घालायचा न्हाई कुणी, रीतच हाय तशी. बाळासो निम्म्या दिवसाची सुट्टी काढून आलता, नदीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथं पूर्वीचा दगड शाबूत हुता. रस्त्याकडचा पण दगड शाबूत. रस्त्याकडनं डावीकडं आमचं रान, उजवीकडं बाळासोचं, पण रान सरळ न्हवतं. बांध मधी करंजापाशी वाकायचा, आणि सगळं भांडण त्या वाकाचं हुतं. बाळासो म्हणायचा वाक आमच्या अंगाला, म्हंजे मधली पट्टी त्याची. आबा म्हणायचा बाळासोच्या अंगाला.

लहानपणी मी त्या करंजाखाली गुरं बांधल्यात. वाक आमच्या अंगाला हुता. मला ठाऊक हुतं.

थंडी हुती. तात्यांच्या पाठीवर काटा आलेला दिसत हुता. वल्लं धोतर पोटऱ्याला चिकटलेलं. डोक्यावर ढेकूळ ठेवल्यावर त्याचं पाणी कपाळावरनं गालावर आलं. त्येनी डोळं मिटून घेतलं आणि चालाय लागले. मागनं मी, बादलीतनं फक्की सोडत.

पयला निम्मा बांध असा चालले की मी बघतच राहिलो. पाऊल टाकायच्या आधी अंगठ्यानं भुई चाचपायची, मग टाच. पण पुढं गाळ लई हुता. तीन वर्षांचा घट्ट बसलेला गाळ, सगळीकडं सारखाच. तात्या थांबले. अंगठा हिकडं फिरवला, तिकडं फिरवला. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं देवाचं नाव घ्यायलेत. एका म्हातारीनं हात जोडलं.

मग ओठ न हलवता, दवाखान्यात इचारलेलं तसंच, तात्या म्हणाले, "सम्राट. करंज कुठं हुता रं?"

त्येनी रीत मोडली. माझ्यावर इश्वास टाकून मोडली.

बाळासो लांब. लोक लांब. माझ्या हातात बादली. डोळ्याम्होरं सगळा ऊस तुरा हलवत उभा.

"उजव्या हाताला, तात्या," मी म्हणलो. "चार पावलं."

तात्यांनी मान हलवली न्हाई, डोक्यावर माती हुती. उजवीकडं टाचेला अंगठा लावत चार पावलं गेले आणि तिथनं वळले. मी त्यांच्या मागनं फक्की सोडत गेलो. टोकाला बाळासोनं माती उतरून घेतली. त्या वाकड्या रेघंकडं एकदा बघितलं, तात्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि वाकून पाया पडला. "तुमी चालला म्हणजे झालं," म्हणाला. तिथंच कागदावर सही केली आणि दुपारच्या पाळीला कामावर गेला.

टोळीनं कोयता लावला. मोहसीन ट्रॉली घेऊन आला. माझ्याच वर्गातला मोहसीन, मोठ्यांदा गाणी लावून ट्रॅक्टर चालवायचा. आठ दिवसांत सगळा ऊस गेला. आईनं म्हशीच्या गळ्यात नवी कासरी बांधली. आबा पयल्यांदा हसला. "तोंड मीट आता," मला म्हणाला, म्हणजे त्याला बी ठाऊक. माझं जेवण जात न्हवतं, पण ऊस बघितला की बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

धाव्या दिवशी संध्याकाळी पारावर तात्या बसलेले, मी बसलेलो. मोहसीन आला आणि म्हणाला, "तात्या, तुमचा बांध लई कडक हाय हं. निम्म्यात टायराला काय तरी खोड लागतंय. भरली ट्रॉली हबकायची. स्प्रिंगचा पाटा मोडायचा माझा."

तात्यांनी मान वर केली. "कसलं खोड?"

"झाडाचं असंल. जमिनीत हाय."

"कुठल्या अंगाला?"

"सम्राटच्या अंगाला. फक्कीपासनं चार-पाच फूट आत."

तात्यांनी माझ्याकडं तोंड केलं, पण त्यास्नी मी दिसत न्हवतो. नुसतं तोंड केलं. मग काठी घेतली आणि घरला गेले. मोहसीन म्हणाला, "म्हाताऱ्याला काय झालं रं?" मी म्हणलो थंडी वाजली असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी तुटलेल्या उसाच्या खोडव्याला पाणी लावाय गेलो. फक्कीची रेघ वल आणि टायरांनी पुसट झाल्ती. रेघेच्या आत, चाकोरीतच, तात्या कुशीवर पडलेले. टोपी बाजूला. खुरपं हातातनं सुटलेलं. त्यांच्या म्होरं हातभर खड्डा, आणि खड्ड्यात करंजाचं खोड. तांबूस, वल्लं, टायरानं साल निघालेलं. खुरप्यानं उकरलेलं आणि मग हातानं, नखानं. बोटं खोडावरच हुती.

मी रस्त्याकडं बघितलं. कोण न्हवतं.

मी पयला त्यांचा हात खोडावरनं उचलून बाजूला ठेवला. मग पायानं माती लोटली. भागंना, तवा गुडघ्यावर बसून हातानं लोटली. पायानं दाबली. वर उसाचं पाचट पसरलं. खुरपं सरीत टाकलं. आणि हे सगळं झाल्यावर मी म्हणलो, "तात्या. ओ तात्या." आणि त्यांच्या छातीला कान लावला.

काय ऐकू आलं न्हाई. अंग कोमट हुतं. पण ऊन पडलेलं अंगावर, दगड बी कोमट हुता.

मग मी वरडलो. मोहसीन ट्रॅक्टर घेऊन जवळच हुता, तो पळत आला. दोघांनी उचलून हुपरीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय बंद पडलंय. झाला असंल तासभर. कमी बी असंल." मोहसीन तिथंच भिंतीला टेकून रडाय लागला. मला रडू आलं न्हाई.

गावात शब्द आधीच पोचलेला. एकवीस दिवस न्हाई भरलं. आणि मेलं कुठं, त्याच बांधावर. दुपारपतूर सगळ्यांच्या तोंडात तेच. "खोटं चालला." "एवढा माणूस, पण कृष्णातच्या घरचं शेजारपण नडलं." कृष्णात म्हणजे माझा आबा. "जमीनच माफ करत न्हाई." ज्यांच्या रानाला तात्यांनी पस्तीस वर्षं पाणी दिलं ती माणसं बोलत हुती. मी तिथंच उभा.

मयताला माणसं आली, पण हात मागं बांधून. खांदा बदलायला कुणी पुढं येईना. तिरडीचा एक दांडा घरापासनं नदीपतूर माझ्याच खांद्यावर राहिला. खांदा सोलला. बरं वाटलं मला सोलल्याचं. बाळासो शिरोलीवरनं कामाच्या कपड्यावर आला आणि लाकडं रचाय लागला. अग्नी लेकीच्या नवऱ्यानं दिला.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्याकडं राख सावडली की नदीकाठावर लोक श्रद्धांजलीला उभं राहत्यात. साध्या माणसाला बी पाच-सहा जण बोलत्यात. तात्यांसारख्याला रांग लागायला पाहिजे हुती. संस्थेचा सेक्रेटरी म्हणाला, "ज्यांना दोन शब्द बोलायचे त्यांनी पुढं यावं."

कोण आलं न्हाई.

माणसं पायाखालची वाळू बघत हुती. कुणाचा तरी मोबाईल वाजला, त्यानं दाबून बंद केला. सेक्रेटरी परत म्हणाला, "कुणी हाय का?" बायकांच्यात धोंडूकाकू उभी. तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघाय सुरवात केली. पयल्या टोकापासनं. ज्याच्याकडं बघायची तो मान खाली घालायचा. तशी माझ्यापतूर येत चाललेली.

ती माझ्यापतूर पोचायच्या आधी मी पुढं गेलो.

भाषण कसं करायचं मला ठाऊक न्हाई. मी म्हणलो, "तात्या खोटं चाललं न्हाईत. तात्यांना दिसत न्हवतं. दोन्ही डोळं गेलतं, मला ठाऊक हुतं. निम्म्यात थांबून त्येनी मला इचारलं करंज कुठं हुता. मी उलटं सांगितलं. पट्टी बाळासोची हाय. तात्यांचा पाय चुकला न्हाई, माझी जीभ चुकली." मग म्हणलो, "चुकली न्हाई. मी मुद्दाम सांगितलं."

कोण वरडलं न्हाई. मला वाटलेलं बाळासो मारंल. मी तयार हुतो. तो पुढं आला, माझ्या शेजारी उभा राहिला, लोकांकडं तोंड केलं.

"मला बी ठाऊक हुतं वाक कुठं हाय ते," बाळासो म्हणाला. "त्याच करंजाला माझा पाळणा बांधलेला. पण तात्या तिकडनं चालले, तवा मी म्हणलो माझंच ध्यान चुकत असंल. माझ्या आईनं सांगितलेलं खोटं असंल. पण तात्या चुकायचे न्हाईत." आणि हात जोडून बाजूला झाला.

मग एकेक जण पुढं आला. एकजण म्हणाला त्र्याण्णव साली माझ्या बापाची पाळी मी इसरलो, तात्या घरात येऊन उठवून गेले. एकजण नुसताच रडला. मोहसीनचे अब्बा चमनचाचा काठी टेकत आले, म्हणाले, "आमच्या कब्रस्तानाची हद्द ह्या माणसानं दाखवली, आजपतूर हाय तिथंच हाय." ऊन डोक्यावर येईपतूर चाललं. मी वाळूत उभाच. मला कुणी बस म्हणलं न्हाई, कुणी जा म्हणलं न्हाई. सगळे माझ्या दोन्ही अंगानं जायचे, पाण्यातल्या खांबाच्या दोन्ही अंगानं पाणी जातंय तसं.

माणसं पांगाय लागली. मला आतनं हलकं वाटाय लागलं हुतं, ते बी सांगतो. म्हणलं झालं, सांगून टाकलं.

धोंडूकाकू लेकीचा हात सोडून माझ्याकडं आली. डोळं कोरडं. माझ्या दंडाला धरून बाजूला घेतलं.

"त्यास्नी मी धुतलं," हळू म्हणाली. "नखं भरलेली मातीनं. नखात लाकडाचं कुसळ हुतं. काय तरी उकरलंतं त्येनी."

मी हात पाठीमागं घेतलं.

"मोहसीनला इचारलं. तो म्हणतोय तिथं खड्डा न्हवता."

"व्हय, काकू."

"तू पयला पोचलास."

"व्हय."

"तूच बुजवलास?"

"व्हय."

नदीच्या पल्याडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घातलेल्या. काकू तिकडं बघत राहिली, मग परत माझ्याकडं.

"त्यास्नी हाक मारायच्या आधी, का नंतर?"

मला नंतर म्हणता आलं असतं. बघणारं कोण न्हवतं. तात्या न्हवते.

"आधी," मी म्हणलो.

काकूनं माझा दंड सोडला. पदर डोक्यावरनं सारखा केला आणि लेकीबरोबर चढ चढाय लागली. तिच्या एका पायात चप्पल हुती, दुसरी मागं वाळूत राहिलेली. मी ती उचलून तिच्या मागनं चार पावलं गेलो. लेकीनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "तिथंच ठेव."

मी ठेवली.